सरांच्या गाडीचं स्टेअरिंग: गळकं हायड्रॉलिक काढून इलेक्ट्रिक बसवल्याचं प्रकरण

पार्श्वभूमी

गाडी २००१ सालची, १.३ लिटर पेट्रोल इंजिनची चार दारांची सेडान. मालक निवृत्त शिक्षक, वय ६८. घर कोल्हापूरच्या शिवाजी पेठेत, शेत राधानगरी तालुक्यात. त्यांनी मला नववी-दहावीला गणित शिकवलं, त्यामुळे पुढे सगळीकडे ते ‘सर’च आहेत. मी ऑटोमोबाईलचा डिप्लोमा करून बरीच वर्षं वर्कशॉपमध्ये काढली आहेत. या कामात माझी भूमिका सल्लागाराची होती. हत्यारं मिस्त्रींच्या हातात होती.

गाडीचं मॉडेल मुद्दाम देत नाही. स्टेअरिंगच्या कामात दुसऱ्याची मापं जशीच्या तशी उचलणं धोक्याचं असतं, आणि मॉडेलचं नाव दिलं की नेमकं तेच होतं. इथे महत्त्व आहे ते कुठल्या वळणावर आम्ही काय ठरवलं आणि कुठे चुकलो याला.

सरांचा उजवा खांदा धरलेला आहे. पेठेतल्या बोळात गाडी लावायला आणि काढायला तीन-चार वेळा पुढेमागे करावं लागतं. जड स्टेअरिंग म्हणजे त्यांच्यासाठी गाडी बंदच. ‘विकून टाका’ हा सल्ला त्यांना घरात आणि बाहेर भरपूर मिळाला होता. मला ते म्हणाले, “विकायची असती तर तुला बोलावलं असतं का? हिचं इंजिन अजून पहिल्यासारखं आहे. हात वळेनात म्हणून पाय तोडायचे का?”

तक्रार आणि चुकलेलं निदान

जुलै २०२२ मध्ये स्टेअरिंग वळवताना ‘कुईं’ असा आवाज येऊ लागला. गाडी जागेवर उभी असताना आवाज जास्त, चालत्या गाडीत कमी. ऑइलची टाकी दर पंधरा दिवसांनी खाली जायची. मिस्त्रींनी आवाज ऐकला आणि पंप गेला असं सांगितलं. दुरुस्त केलेला पंप बसवला, नवा पट्टा घातला. तीन आठवडे शांतता, मग पुन्हा तेच.

मी बघायला गेलो तेव्हा टाकीतल्या ऑइलला फेस आलेला होता. हायड्रॉलिक स्टेअरिंगचा पंप इंजिनच्या पट्ट्यावर चालतो आणि ऑइलवर मोठा दाब तयार करतो. स्टेअरिंग वळवलं की आतली बारीक पिळाची दांडी किंचित पिळते, त्या पिळाने व्हॉल्व्ह उघडतो आणि दाबाखालचं ऑइल रॅकच्या, म्हणजे चाकं वळवणाऱ्या दातेरी दांडीच्या, पिस्टनला डावीकडे किंवा उजवीकडे ढकलतं. ऑइल कमी झालं की पंप हवा ओढतो, आणि हवा ओढणारा पंप ओरडतोच. म्हणजे पंपाचा आवाज हे लक्षण होतं. ऑइल जातंय कुठे, हे कुणी पाहिलंच नव्हतं.

गाडी वर घेतली आणि रॅकच्या डाव्या टोकाच्या रबरी बूटची, म्हणजे धूळ-पाणी अडवणाऱ्या आवरणाची, पट्टी सैल केली, तर आतून वाटीभर लाल ऑइल खाली आलं. बूट फाटलेला होता. कधीतरी कुणीतरी त्यावर काळी टेप गुंडाळली होती. रॅकचं सील गेलं होतं, पण ऑइल बूटमध्येच साठून थेंबथेंब गळत असल्याने जमिनीवर मोठा डाग कधी दिसलाच नाही. सरांचा पहिला पंप बहुधा दुरुस्त होण्यासारखा होता. तो बदलण्यात ३,००० रुपये गेले.

सील बदलून बघितलं

रॅक उतरवून दुरुस्तीला दिला. तिथे रॅकची दांडी बाहेर काढली तेव्हा मी हजर होतो. डाव्या बाजूला, सील जिथे घासतं तिथेच, गंजाचे खड्डे होते. नख फिरवलं तर अडकत होतं. फाटक्या बूटमधून राधानगरीच्या पावसाचं आणि शेताच्या वाटेवरचं पाणी-चिखल दोन-तीन वर्षं आत जात राहिलं होतं.

अशा दांडीवर नवीन सील म्हणजे कानशीवर रबर घासणं. दांडी ग्राइंड करून, हार्ड क्रोम चढवून पुन्हा मापात आणणं हा खरा उपाय होता आणि कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या कारखान्यांत तशी कामं होतात. पण त्याला दहा-बारा दिवस लागणार होते. दुरुस्तीवाल्याचं म्हणणं पडलं, “सर, सील चांगल्यातलं टाकतो, दोन वर्षं बघायला नको.” सरांना भाताच्या कामासाठी गाडी लगेच हवी होती. मी दोनदा सांगितलं, तिसऱ्यांदा सांगितलं नाही.

ते ४,५०० रुपयांचं काम चार महिने टिकलं. या प्रकरणातली पहिली मोठी चूक ही, आणि ती माझी आहे. खड्डे मी डोळ्यांनी पाहिले होते.

पर्याय

जानेवारी २०२३ मध्ये आम्ही तिघे, म्हणजे सर, मिस्त्री आणि मी, वर्कशॉपच्या बाकावर कागद घेऊन बसलो.

नवा हायड्रॉलिक रॅक कोल्हापुरात मिळाला नाही, पुण्याच्या ओळखीच्या दोन दुकानांतही नाही. जुन्या बाजारात मिळत होते, पण तेही वीस वर्षांचे. त्यांच्या दांड्यांवर काय आहे हे उघडल्याशिवाय कळणार नव्हतं, आणि उघडू कोण देतं?

क्रोम करून घेणं हा पर्याय तेव्हाही होता. त्याच्या विरुद्ध गेली ती बाकीची अवस्था: दाबाचा रबरी पाइप फुगला होता, परतीच्या पाइपला पाझर होता, व्हॉल्व्हच्या सीलांचा भरवसा नव्हता. एक गळती बंद केली की दुसरी सुरू होणार, हे दिसत होतं.

पंप इंजिनऐवजी विजेच्या मोटरवर चालवायचा आणि रॅक हायड्रॉलिकच ठेवायचा, असाही एक मधला मार्ग असतो. काही गाड्यांत तो कारखान्यातूनच येतो. आमची गळती रॅकमध्ये असल्यामुळे त्याचा उपयोग शून्य.

चौथा मार्ग सगळं काढून साधा रॅक बसवण्याचा. याच गाडीचं खालचं मॉडेल विनापॉवर स्टेअरिंगचं होतं आणि त्याचा साधा रॅक नवा मिळत होता. रस्त्यावर गाडी चालायला लागली की ते स्टेअरिंग ठीकच असतं. अडचण उभ्या गाडीत. सरांनी त्या मॉडेलची एक गाडी वर्कशॉपच्या आवारात वळवून पाहिली, दोन फेऱ्यांत त्यांचा चेहरा बदलला, आणि तो मार्ग तेवढ्यावरच थांबला.

उरलं ते कॉलमवरचं, म्हणजे स्टेअरिंगखालच्या दांड्याच्या जोडणीवरचं, इलेक्ट्रिक पॉवर स्टेअरिंग. यात पंप नाही, ऑइल नाही, पाइप नाहीत. स्टेअरिंगच्या दांड्यावर डॅशबोर्डखाली एक मोटर असते. हाताचा जोर किती लागतोय हे टॉर्क सेन्सर मोजतो, कंट्रोलर त्या हिशेबाने मोटरला वीज देतो. ही कल्पना नवीन नाही. १९८८ मध्ये सुझुकीच्या सर्व्हो या छोट्या गाडीत ती पहिल्यांदा बाजारात आली, आणि लहान गाड्यांना ती इतकी मानवली की आज साध्या हॅचबॅकलाही तीच असते. हायड्रॉलिकचा पंप सरळ रस्त्यावरही इंजिनची ताकद खात राहतो; मोटर वळवतानाच वीज खाते.

मिस्त्रींनी याआधी दोन जीपगाड्यांना असं काम केलं होतं. त्यांचा हिशोब सोपा होता: “जुना रॅक तसाच ठेवायचा, ऑइल काढायचं, दोन्ही तोंडं पाइपनं जोडायची, वर मोटर बसवायची. दोन दिवसांचं काम.”

इथे मी अडलो. कारण नीट सांगतो, कारण हा जुगाड सगळीकडे होतो. हायड्रॉलिक रॅकमधली पिळाची दांडी व्हॉल्व्ह उघडण्यासाठी मुद्दाम लवचीक ठेवलेली असते. ऑइल काढलं तरी ती पिळते, आणि तेवढा स्टेअरिंगचा फिराव चाकांपर्यंत पोचत नाही. वर इलेक्ट्रिक कॉलममध्ये त्याची स्वतःची तशीच दांडी असते. एकामागे एक दोन मऊ दांड्या आल्या की हायवेवर गाडी सरळ धरताना स्टेअरिंग पोकळ लागतं. शिवाय पिस्टनचं सील घासत राहतं, आणि ज्या ऑइलने आतला भाग गंजापासून वाचत होता ते ऑइलच उरत नाही. आमची दांडी आधीच गंजलेली होती.

आमच्या अटी

चर्चेतून तीन गोष्टी ठरल्या. त्या मी वहीत लिहिल्या आणि मिस्त्रींची त्यावर सही घेतली. सही म्हणजे काही करारनामा नव्हे. पण काम अडतं तेव्हा माणूस सोपी वाट धरतो, आणि लिहिलेलं समोर असलं की जरा थांबतो.

पहिली अट, खाली नवा साधा रॅकच बसवायचा. मोटर कधीही बंद पडू शकते. ती बंद पडली तरी गाडी कारखान्यातून आलेल्या विनापॉवर गाडीसारखी सुरक्षित वळली पाहिजे. आधी मोटरशिवाय गाडी चालवून बघायची, ती पसंत पडली तरच वायरिंगला हात लावायचा.

दुसरी, स्टेअरिंगच्या दांड्यात कुठेही टोकाला टोक जोडून वेल्डिंग नाही. यावर वाद झाला. मिस्त्री म्हणाले, “आजपर्यंत एकबी तुटलेला नाही.” मी त्यांना एवढंच विचारलं, तुटला असता तर सांगायला कोण आलं असतं? ते गप्प झाले, रागावले नाहीत.

तिसरी, देणारी गाडी एकच असली पाहिजे. कॉलम, मोटर, कंट्रोलर आणि वायरिंगचा जुडगा कनेक्टरांसकट एकाच गाडीतून घ्यायचा.

चौथी अट हवी होती, जुना कॉलम कसा उतरवलाय हे बघायची. ती नसल्याचा भुर्दंड पुढे पडला.

रॅक, दांडा आणि कॉलम

नवा साधा रॅक ४,२०० रुपयांना मिळाला. त्यासोबत दोन्ही टाय रॉड एंड (रॅक चाकांना जोडणारे सांधे) नवे, बूट नवे. पंप, टाकी, पाइप सगळं उतरवलं. पंपावर एक प्रेशर स्विच असतो. स्टेअरिंगचा भार आला की तो इंजिनला आयडल, म्हणजे उभ्या गाडीतला इंजिनचा वेग, थोडी वाढवायला सांगतो. त्याचा कनेक्टर सुटा झाला, तो झाकून बांधून ठेवला.

साध्या रॅकचे दात हळू गतीचे असतात, म्हणजे तेवढ्याच वळणाला स्टेअरिंग जास्त फिरवावं लागतं. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जवळजवळ पाऊण फेरा वाढला. सरांना हे आधीच सांगून ठेवलं होतं. त्यांनी आठवडाभर गाडी अशीच, मोटरशिवाय, मुलाला चालवायला लावली आणि शेजारी बसून राहिले. गाडी सरळ जात होती, ब्रेक लावल्यावर ओढत नव्हती, वळल्यावर स्टेअरिंग आपण होऊन परत येत होतं. अलाइनमेंट तेव्हाच करून घेतलं. वर मोटर आली की खालचे दोष हाताला कळेनासे होतात, म्हणून हा आठवडा मला महत्त्वाचा वाटतो.

कॉलम जुन्या बाजारातून आणला. त्याच कंपनीच्या उंच हॅचबॅकचा, ६,००० रुपयांना. डॅशबोर्डखालचे बोल्ट पूर्ण जुळत नव्हते, म्हणून जाड पत्र्याचा आधार बनवावा लागला. कॉलमच्या वरच्या पकडीत छोट्या कॅप्सूल असतात. समोरून धडक बसून माणूस स्टेअरिंगवर आदळला की त्या निसटतात आणि कॉलम दबतो, म्हणजे छातीवरचा मार कमी होतो. त्या कॅप्सूल बोल्टने किंवा वेल्डने पक्क्या केल्या की कॉलमची ही सोयच जाते. आमच्या आधाराला भोकं अशी पाडली की मूळ कॅप्सूल तशाच राहिल्या.

मधल्या दांड्यासाठी वरच्या आणि खालच्या टोकाचे स्प्लाइन, म्हणजे जोडात बसणारे उभे दात, वेगळे निघाले. उद्यमनगरातल्या एका मशीन शॉपमध्ये ईएन २४ या मजबूत स्टीलच्या एका अखंड दांड्यावर दोन्ही टोकांना हवे ते स्प्लाइन कापून घेतले. नमुने म्हणून दोन्ही जॉइंट सोबत दिले होते. २,४०० रुपये आणि पाच दिवस. वेल्डिंगने हे काम तासाभरात झालं असतं, आणि पाच दिवस सरांची गाडी उभी होती. या खर्चाबद्दल मला आजही जराही शंका नाही.

चाक आपोआप फिरलं

वायरिंग जोडून पहिली चाचणी पुढची चाकं हवेत ठेवून केली. इंजिन सुरू झालं, डॅशबोर्डवरचा स्टेअरिंगचा दिवा विझला, आणि कुणाचाही हात नसताना स्टेअरिंग डावीकडे फिरायला लागलं. टोकाला जाऊन आदळलं. मिस्त्रींचा पोरगा दारातून आत वाकला होता. त्याचा हात आऱ्यांत नव्हता, एवढंच आमचं नशीब.

कारण शोधायला अर्धा दिवस गेला. टॉर्क सेन्सर दोन संकेत देतो आणि कंट्रोलर ते एकमेकांशी ताडून बघतो. एक वायर तुटली तर त्याला लगेच कळतं. पण सेन्सरचा शून्यबिंदूच सरकला, तर दोन्ही संकेत एकमत होऊन चुकीचं बोलतात. हात लावलेला नसतानाही कंट्रोलरला वाटतं, माणूस डावीकडे जोर लावतोय. दांड्याच्या टोकाकडे टॉर्च मारून पाहिलं तर आट्यांवर हातोड्याचे घाव होते. जुन्या बाजारात स्टेअरिंग निघेना म्हणून कुणीतरी दांड्यावर ठोकलं होतं. कॉलमच्या आतली नाजूक पिळाची दांडी हातोड्याचा मार सहन करणारी नसते.

मिस्त्रींचं मत होतं, सेन्सर उघडून शून्यावर आणू. एका इलेक्ट्रिशियनने वायरमध्ये रेझिस्टर घालून संकेत ‘बरोबर’ करून देतो असंही सांगितलं. दोन्हीला मी ठाम नकार दिला. मार खाल्लेला सेन्सर आज शून्यावर आणला तरी उद्या उन्हात, धक्क्यात तिथेच राहील याची हमी कोण देणार? सरांना सरळ सांगितलं की सहा हजार रुपये गेले. ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “रस्त्यावर न जाता गेले ना? मग ठीक आहे.”

दुसरा कॉलम अपघातात मागून दबलेल्या एका गाडीचा होता. या वेळी मी स्वतः गेलो, स्टेअरिंग पुलर लावून, म्हणजे न ठोकता हत्याराने ओढून, काढायला लावलं आणि तोडण्याआधी ती गाडी सुरू करून पॉवर स्टेअरिंग चालतंय हे पाहिलं. ८,५०० रुपये.

वेगाचा संकेत

इलेक्ट्रिक स्टेअरिंगला विजेशिवाय आणखी दोन गोष्टी कळाव्या लागतात: इंजिन चालू आहे का, आणि गाडी किती वेगात आहे. उभ्या गाडीत मोटरने भरपूर मदत करायची, वेग वाढेल तशी कमी करायची. हायवेवर स्टेअरिंगला वजन हवं.

पुष्कळ ठिकाणी ही वेगाची वायर जोडतच नाहीत. गाडी हलकी वळते, गिऱ्हाईक खूश होऊन जातं. आम्हीही पहिल्या दिवशी ती न जोडता गाडी बोळात फिरवली आणि सर लहान मुलासारखे आनंदले. “असंच राहू दे,” म्हणाले. मी त्यांना मागे बसवून कागलच्या दिशेने हायवेला नेलं. ७० च्या वेगात लेन बदलताना स्टेअरिंग इतकं हलकं होतं की बोटाच्या धक्क्याने गाडी सरकत होती. उतरल्यावर त्यांनीच विचारलं, “ती वायर किती वेळात जोडतोस?”

गाडीत वेगाप्रमाणे विजेचे ठोके देणारा सेन्सर होता. पण दोन्ही गाड्यांचे ठोके सारखेच आहेत, असं गृहीत धरायचं नव्हतं. जपानी पद्धतीच्या मीटरमध्ये केबल १ किलोमीटरला ६३७ फेरे घेते आणि सेन्सर एका फेऱ्याला ४ ठोके देतो, म्हणजे ४० च्या वेगात सेकंदाला साधारण २८. वर्कशॉपच्या एका गिऱ्हाइकाची तीच उंच हॅचबॅक मागून घेतली आणि मल्टिमीटर फ्रिक्वेन्सीवर ठेवून ४० च्या वेगात मोजलं. नंतर सरांच्या गाडीत मोजलं. दोन्हीकडे २८ च्या आसपास. तेव्हाच वायर जोडली. फरक आला असता तर कंट्रोलरला चुकीचा वेग कळत राहिला असता आणि मदत चुकीच्या जागी कमी-जास्त झाली असती.

दिवे मंद होत होते

रात्री, आयडलवर, हेडलाइट आणि एसी चालू ठेवून स्टेअरिंग टोकापर्यंत नेलं की दिवे मंद व्हायचे. अशा वेळी मोटर काही क्षण तीस-चाळीस अँपिअर ओढू शकते. मिस्त्रींनी मोठा अल्टरनेटर सुचवला. आधी कंट्रोलरच्या टोकावर व्होल्टेज मोजलं, ते भार आला की ११ च्या खाली जात होतं. बॅटरीच्या खांबांवर मात्र त्याच वेळी साडेबाराच्या वर होतं. म्हणजे वीज कमी पडत नव्हती, वाटेत अडत होती. बॉडीची अर्थ पट्टी, म्हणजे बॅटरी बॉडीला जोडणारी परतीची वाट, हिरवी पडलेली निघाली. नवी जाड अर्थ केबल टाकली, कंट्रोलरची मुख्य वायर फ्यूजमधून थेट बॅटरीवरून घेतली. अल्टरनेटर जुनाच राहिला.

कागदपत्रं

मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ गाडीतल्या बदलांबद्दल आहे. नोंदणीत असलेले तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलांपेक्षा वेगळे होतील असा बदल करता येत नाही, असा त्याचा रोख आहे, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तोच कडकपणे अधोरेखित केला. आमच्या नोंदणी पुस्तकात स्टेअरिंगच्या प्रकाराची नोंद नाही. म्हणून हा बदल चालतो असा निष्कर्ष मी काढत नाही. आम्ही आरटीओत तोंडी विचारणा केली, विमा कंपनीला पत्र दिलं, पोच घेतली, बिलं आणि कामाआधीचे-नंतरचे फोटो फाइलमध्ये लावले. तोंडी विचारणा पुरेशी नव्हती.

केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम ९८ मात्र आम्ही कामाला लावला. स्टेअरिंगचा मोकळा फिराव ३० अंशांपेक्षा जास्त नको, जोडांच्या बॉलवर रबरी टोप्या हव्यात, बोल्ट-पिना निसटणार नाहीत अशा अडकवलेल्या हव्यात. ३० अंश फार झाले. आमचा मोकळा फिराव बोटभरही नव्हता. पण यादी म्हणून तो नियम उत्तम आहे. दर सहा महिन्यांनी गाडी वर घेऊन तेवढंच तपासतो.

निकाल

दुसऱ्या टप्प्याचा एकूण खर्च ३५,१०० रुपये झाला, त्यात वाया गेलेला पहिला कॉलम धरलेला आहे. आधीचा पंप आणि सील वेगळे. सगळं मिळून महिनाभर गाडी उभी होती. सर आता बोळातून एका हाताने गाडी काढतात, त्यांचा डावा हात पुरतो. पन्हाळ्याच्या चढावर आणि हायवेवर स्टेअरिंगला वजन आहे. हायड्रॉलिकचा मऊपणा मात्र नाही. खड्ड्यात हाताला धक्का थोडा जास्त कळतो आणि अगदी हळू फिरवताना मोटरची बारीक गुणगुण ऐकू येते.

खरी परीक्षा ऑगस्ट २०२३ मध्ये झाली. शेतावरून परतताना राधानगरीच्या अलीकडे, भर पावसात, डॅशबोर्डवरचा दिवा लागला आणि मोटर थांबली. सर सांगतात, “एकदम जड झालं. पण वळत होतं.” त्यांनी वेग कमी केला, वळणं दोन्ही हातांनी घेतली आणि गाडी घरापर्यंत आणली. शेवटचं बोळातलं वळण मुलाने घेतलं. जुना रॅक ऑइल काढून तसाच ठेवला असता तर त्या रस्त्यावर काय झालं असतं याचा विचार मी नंतर बरेच दिवस करत होतो. बिघाड किरकोळ निघाला. फ्यूजच्या डब्यात पाणी जाऊन पाती हिरवी पडली होती.

पुन्हा करायचं झालं तर

गंजलेली दांडी दिसली त्याच दिवशी सील बसवू दिलं नसतं. दहा दिवस गाडी उभी राहिली असती, क्रोम झालं असतं. पाइप बदलून मूळ हायड्रॉलिकच आणखी पाच-सात वर्षं चाललं असतं, हीही शक्यता मी नाकारत नाही. ज्यांची गळती एकाच ठिकाणी आहे आणि ज्यांना नवा रॅक मिळतो, त्यांनी या बदलाच्या वाटेला जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

जुना कॉलम घ्यायला पहिल्यापासून स्वतः गेलो असतो. ज्या गाडीत तो चालताना बघता येत नाही, ती सोडून दिली असती. पहिल्या चाचणीच्या वेळी दारापाशी कुणाला उभं राहू दिलं नसतं; किल्ली फिरवणाऱ्यानेही हात आऱ्यांपासून लांब ठेवायचा आणि दुसऱ्याने कंट्रोलरचा मुख्य फ्यूज ओढायच्या तयारीत उभं राहायचं, असं आता आम्ही करतो. परवानगीचा अर्ज कामाआधी लेखी दिला असता. २००१ च्या गाडीला दर पाच वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण आहे. तेव्हा कुणी विचारलं तर हातात कागद असावा.

आणि सरांना सांगायचं राहून गेलं होतं. महिनाभर आम्ही मोटर, सेन्सर, ठोके, अर्थ यांबद्दल बोललो. मोटर बंद पडली तर दिवा लागेल, स्टेअरिंग जड होईल पण सुटणार नाही, घाबरून झटका देऊ नका, हे दोन मिनिटांत सांगण्यासारखं होतं आणि आम्हा कुणालाच सुचलं नाही. राधानगरीच्या पावसात त्यांनी ते स्वतःच शोधून काढलं. आता फ्यूजचा डबा बॅटरीच्या मागे उंचावर, झाकणासकट बसवलाय. डॅशबोर्डच्या कप्प्यात त्याच मापाचे दोन जादा फ्यूज आहेत, आणि दिवा लागला तर काय करायचं हे सरांनी फळ्यावरच्या त्यांच्या ठसठशीत अक्षरात एका कार्डावर लिहून सनशेडच्या मागे खोचलं आहे. मुलगा गाडी घेऊन निघाला की आधी त्याला ते मोठ्याने वाचायला लावतात.